बोरीचे पाइप, सुरतेचं घर

३ डिसेंबर, प्रकाशा

झालं ते क्रमानं :
१. दुपारी कुरियरचा खोका आला. पुण्याहून, दातार सरांकडून. घरी बनवून पाठवलेल्या तंबाखूच्या सहा लाकडी पाइपांपैकी एक परत.
२. आत सरांच्या चार ओळी. पाच पाइप उत्तम. सहावा त्यांच्या मित्राला दिला होता. वाटी तापली की लाकडातून बाहेर तेल पाझरतं, वास येतो. 'कारण शोधा.' रागावलेले नाहीत. कॉलेजात मोजमापशास्त्र शिकवायचे तेव्हाही रागवायचे नाहीत, एवढंच म्हणायचे. ते जास्त लागायचं.
३. मी वास घेतला. ओळखता आला नाही.
४. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी घेतला. म्हणाले, "मले सर्दी शे."
५. सासूबाईंनी, आईंनी, चुलीपासूनच सांगितलं, "एरंडेल शे ते."
६. आबा उठून गोठ्याकडे गेले. आमचा लेथ तिथेच आहे.
७. १ जानेवारीला मी सुरतेला राहायला जाणार आहे, नवऱ्याकडे, निलेशकडे. त्याआधी हे निस्तरायला हवं.

४ डिसेंबर

पाइप शिकंज्यात धरून उभा कापला. वाटीची भिंत सगळीकडे सारखी, नळी बरोबर तळाशी उघडलेली. कामात खोट नाही. लाकूड मात्र आतून काळपट तपकिरी, आणि कापलेल्या तोंडावर बोट फिरवलं तर बोट ओशट. बोर अशी नसते.

आबा लेथवर पुसायचं फडकं घेऊन उगाच उभे होते.

"आबा, हे बोरीचं नाही."
"नही."
"मग?"
"जुनं शे. भलतं जुनं. चाळीस वरीस सुकेल लाकूड शे, आखो काय पाहिजे?"

हनुवटीनं गोठ्यामागची भिंत दाखवली. तिथे बैलगाडी उभी टेकवून ठेवलेली आहे. बैल विकले, गाडी राहिली. आज बघितलं तर एकच चाक. दुसऱ्याच्या आऱ्यांची मोळी दोरीनं बांधून बाजूला ठेवलेली, आणि मधला तुंबा, ज्यात आरे बसतात तो, नाही.

तो मी कापला आहे आत्ता शिकंज्यात धरून.

सहाव्या पाइपाचा बोरीचा ठोकळा भोक पाडताना उकलला, त्या दिवशी मी आईंना घेऊन नंदुरबारला हाडाच्या डॉक्टरांकडे गेले होते. सरांना सहा कबूल केले होते. आबांनी विचार केला, सगळ्यात वाळलेलं लाकूड घरात कुठलं. तुंबा बाभळीचा. बाभूळही चालते, मीच म्हणाले होते. पण त्या तुंब्यात आख फिरायचा आणि दर बाजाराच्या दिवशी त्यात एरंडेलाचं वंगण पडायचं. आबांच्या वडिलांपासून. लाकूड पाण्यानं कोरडं, तेलानं चिंब.

"तूच सांगं व्हतं ना," आबा म्हणाले, "जितलं जुनं तितलं चांगलं."

हो. मीच.

आणि तपासून पास पण मीच केला होता. ओलावा मोजायच्या मीटरनं सात टक्के दाखवले होते. मी खूश झाले होते, बोरीपेक्षा कमी म्हणून. काट्यांचा मीटर लाकडातून वीज किती जाते ते बघतो. तेलातून वीज जात नाही.

वडिलांच्या गाडीचं चाक का मोडलंत, हे विचारायचं होतं.

५ डिसेंबर

सरांना कारण कळवलं. बैलगाडीचा तुंबा, वंगण, मीटर, सगळं. बदली पाइप वीस तारखेपर्यंत पाठवते म्हणून लिहिलं.

त्यांचं उत्तर तासाभरात : 'कारण आवडलं. हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नसतं.' मित्रानं तो उभा कापलेला पाइप ठेवायला परत मागितलाय म्हणे, टेबलावर.

आबांना वाचून दाखवलं. तोंड वळवून हसले.

७ डिसेंबर

नि.चा फोन. सुरतेच्या घराचा व्हिडिओ पाठवला होता, तो बघितला का. बघितला. ओटा चांगला, काळा दगड. खिडकीतून पलीकडच्या इमारतीची खिडकी. गॅलरीत एक खुर्ची बसेल.

"बोला इन्स्पेक्टर. पास की रिजेक्ट?"
"चांगलं आहे."
"चांगलं म्हणजे किती टॉलरन्समध्ये?"
"निलेश."
"बरं बरं. गॅलरीत लेथ नाही बसणार, आधीच सांगतो. तुळस बसेल."

लग्नाला पुढच्या महिन्यात दोन वर्षं. नाशिकच्या टूलरूममधली नोकरी सोडून सुरतेला जायच्या बेतात होते तेव्हाच आईंचं खुब्याचं हाड मोडलं. महिनाभरासाठी म्हणून इथे आले. त्याला दहा महिने झाले. आई आता काठीशिवाय विहिरीपर्यंत जाऊन येतात. माझं इथे राहण्याचं कारण संपलेलं आहे. हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही.

त्यानं माझ्यासाठी एका कंपनीत शब्द टाकलाय. क्वालिटी विभाग. तीच मापं, तीच रजिस्टरं. काम मला येतं.

१० डिसेंबर

लाकडांविषयी, एकदा नीट लिहून ठेवायचं म्हणून.

पाइपवाले जे लाकूड वापरतात ते परदेशातल्या एका झुडपाच्या मुळाची गाठ. आपल्याकडे येतं ते महाग आणि उरलंसुरलं. सर स्वतः पाइप ओढतात. म्हणाले होते, 'तुमच्या सातपुड्याच्या पायथ्याला काही असेलच की, जे जळत नाही आणि चव बिघडवत नाही.' सुरुवात तिथून.

शिसव दिसायला सगळ्यात सुंदर, पण तिच्या भुशानं माझ्या हातावर पुरळ उठलं. जी हाताला नको ती तोंडाला कशी देणार. बाद. चिंचेचा काळा गाभा चांगला, मात्र एवढा गाभा निघायला झाड फार जुनं लागतं आणि जुनी चिंच कोणी तोडत नाही, तोडू पण नये. अंजनावर आबांची दोन पाती बोथट झाली. पाइप झाला तो एवढा जड, की दातात धरला तर मान वाकते. निंबाची चव निंबाचीच. कवठाचा एक नमुना झालाय, दुसरा ठोकळा अजून वाळतोय.

बोर. लालसर, बारीक रेषांची, घट्ट, वास नाही. नीट वाळवली तर तापून तडकत नाही. आपल्या बांधावरचीच, पाइपलाइन टाकताना पडलेली.

ठोकळे आधी उकळावे लागतात, लाकडातला तुरट रस निघायला. एवढं मोठं भांडं घरात एकच, आंघोळीच्या पाण्याचा हंडा. पहिल्या वेळी आईंना विचारायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या न्हाणीतून ओरडल्या, "अश्विनी! हाई पाणी शे का चहा?" आता तो हंडा माझा. आंघोळीला त्यांनी नवा घेतला. कुरकुर रोज करतात, पण ठोकळ्यांखालचा जाळ मी विसरले तर त्याच सारतात.

१२ डिसेंबर

बदली पाइपासाठी ठोकळा निवडला. ठोकळ्यांच्या डोक्याला मेण लावून ठेवलेलं असतं, वाळताना टोकांकडून तडकू नये म्हणून. तीन खरवडून बघितले. दोहोंत केसाएवढी चीर. तिसरा स्वच्छ.

घरात कोणी ओढत नाही. आबा कारखान्यात लेथवर होते, बिडी त्यांनी तेव्हाच सोडली. म्हणून चाचणीचं यंत्र मी केलंय : माशांच्या टाकीतला पंप उलटा जोडून, मध्ये पाण्याची बाटली. पंप पाइप 'ओढतो', मी वाटीच्या भिंतीचं तापमान बघते. पण चव पंपाला कळत नाही. त्यासाठी सुपडूकाका. आबांचे शाळेपासूनचे मित्र, मंदिराच्या पायऱ्यांशी नारळ-फुलांचं दुकान, दिवसाला एक बंडल बिडी.

आज त्यांनी कवठाचा नमुना ओढला. तीनदा विझला. चौथ्यांदा काडी ओढताना म्हणाले :

"बिडी शे ती बिडी. अठे तं चूल पेटाडनी पडस."
आबा : "हळू ओढ. तुले कोठे गाडी धरनी शे?"
"हळू ओढनं राहतं तं मी बिडी कशाले पेतू?"

मग डोळे मिटून ओढत बसले. मी विचारलं, चव कशी. म्हणाले, "चव सोड. पन हाई धरीसन बसं ना, का मानूस तहसीलदार वाटस."

नोंद : कवठ, चव ठीक, भिंत बोरीपेक्षा लवकर तापते. काकांचा उरलेला शेरा नोंदीत कुठे घालायचा कळलं नाही.

१४ डिसेंबर

शेजारच्या लताकाकू ताक न्यायला आल्या होत्या. मी आत होते, मला ऐकू येत नाही असं समजून :

"पाटीलनी सून चिलम करस म्हने."
आई : "करस. पुण्याले जातस."
"शिकेल-सवरेल पोर. तंबाखूनं काम. लोक काय सांगतीन?"
"लोक ताक लेवाले येतस, तेच सांगतस. तुन्ही सून काय करस?"
"घरमा शे."
"मोबाईल देखस. मन्ही लेथ देखस. ले तुन्हं ताक."

त्या गेल्यावर आई मला म्हणाल्या, ताक कमी पडलं तर सांग. पाइपाच्या वाटीला आतून लावायला मला ताक लागतं, त्यात कोळशाची वस्त्रगाळ पूड. वाळलं की काळा पातळ थर धरतो आणि पहिल्या जाळापासून लाकूड वाचवतो. लताकाकूंना आज नेहमीपेक्षा लहान तांब्या भरून मिळाला होता, हे मी बघितलं.

तंबाखूचा प्रश्न मात्र माझाही आहे. सरांना एकदा विचारला होता. म्हणाले, 'मी सत्तरीचा आहे, नवीन कोणाला मी ओढायला शिकवत नाही, तुम्हीही शिकवू नका.' त्यावर मी एवढं ठरवलंय : ओढणाऱ्यांनाच द्यायचे, जाहिरात करायची नाही. पुरेसं आहे का माहीत नाही.

१६ डिसेंबर

म्हसावदला. आबांच्या ओळखीच्या एकानं पपई लावायला शेत सपाट केलं, त्यात जुनी बोर मुळासकट उपटली. मी मोटारसायकल चालवली, आबा मागे. जाताना ते पूर्ण वेळ माझ्या खांद्यावरून रस्ता बघत होते आणि प्रत्येक गतिरोधकाच्या आधी 'हं' म्हणत होते.

मुळाची गाठ! खोड आणि मूळ जिथे मिळतात तिथे, परातीएवढी. धागे सगळ्या दिशांनी गुंतलेले. परदेशी लाकडाचं सगळं मोल याच गुंत्यात असतं. सरळ रेषाच नाही तर चीर जाणार कुठून. आपल्या बोरीला अशी गाठ असते हे मला माहीत नव्हतं, आबांनाही नाही. आम्ही दोघं चिखलात उकिडवे बसून ती पाण्यानं धूत होतो. शेताचा मालक म्हणाला, "सोनं सापडनं का काय?"

त्याच्याच पिकअपमधून गाठ घरी आणली.

१७ डिसेंबर

गाठीचे ठोकळे पाडले. सगळे हंड्यात मावले नाहीत, दोन खेपांत उकळले. मेण मी लावत होते, आबा खडूनं तारीख टाकत होते. साध्या बोरीला पाच-सहा महिने पुरतात. गाठीला दोन वर्षं तरी. घाई केली तर सगळी मेहनत उकलून जाते.

आबांनी आजची तारीख टाकली. मग खडू तसाच धरून :

"आनी उघाडानी?"
"दोन वर्षं."
"दोन वरीस."

टाकली. अक्षर त्यांचं चांगलं आहे, वर्कशॉपातलं, उभं. ठोकळे फळीवर ओळीनं ठेवले. दोन वर्षांनी ते कोण उघडणार, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

मी विचारलं असतं तर ते 'मी' म्हणाले असते. म्हणून नाही विचारलं.

१९ डिसेंबर

बदली पाइप आज पूर्ण. ठोकळ्यापासून पॉलिशपर्यंत मी एकटीनं केला, पहिल्यांदा. आतापर्यंत लेथ आबा, मापं आणि बहुतेक भोकं मी, अशी वाटणी होती. आज सकाळी ते खुर्ची घेऊन मागे बसले आणि म्हणाले, "चाल."

वाटी आधी. मग दांडीतून नळी, बारीक, तिरकी, जी वाटीच्या अगदी तळाशी निघायला हवी. वर निघाली तर खाली तंबाखू ओली राहते. खाली गेली तर ठोकळा वाया. आत काही दिसत नाही. भोक तळाला भेटतं तेव्हा ड्रिलचा आवाज किंचित मोकळा होतो.

झाला. थांबवलं. वाटीत बॅटरी धरून बघितलं : तळाच्या मध्यावर, स्वच्छ गोल. व्हर्निअरनं मापलं. पुन्हा मापलं.

आबा उठले, बघितलं, नखानं कड चाचपली.

"बरं शे."

कारखान्यात त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं सांगतात, 'बरं शे' दोनदा ऐकायला अख्खी नोकरी खर्ची पडायची. मी लेथ पुसला. जरा जास्तच वेळ पुसला.

सरांना पाठवला. एक दिवस आधी.

२१ डिसेंबर

नि. आला. दोन दिवस. नंदुरबार स्टेशनवर घ्यायला गेले. बारीक झालाय. मेसचं जेवण विचारलं तर म्हणाला, "मेसवाल्याकडे एकच भाजी आहे, तो तिला रोज नवीन नाव ठेवतो."

घरी आल्या आल्या गोठ्यात. न पेटवलेला पाइप तोंडात धरून, हात पाठीमागे बांधून गुप्तहेरासारखा फिरला. "खून बैलगाडीत झाला. हत्यार एरंडेल." आबा म्हणाले, "गाढव." आई एवढ्या हसल्या की खुबा धरून खाली बसल्या आणि सगळे घाबरलो.

त्याला आज आवडली नसेल अशी एकही गोष्ट मी केली नाही. तरी संध्याकाळी घाटावर तापीच्या पाण्याकडे बघत म्हणाला, "तू बोलत नाहीस म्हणजे काहीतरी मापते आहेस."

"काही नाही."

"बरं." मग थोड्या वेळानं : "मला तिथे भाकरी-भाजी नकोय गं. ते मी शिकलो. घरी आलं की बोलायला माणूस नसतं. काल मी लिफ्टमध्ये एका अनोळखी माणसाला विचारलं, तुमचा दिवस कसा गेला. तो पुढच्या मजल्यावर उतरला."

हसायला आलं. मग नाही आलं.

२२ डिसेंबर

माझी मोठी बॅग नि. सोबत घेऊन गेला, म्हणजे १ तारखेला मला ओझं नको. साड्या, पुस्तकं, सर्टिफिकेटं. त्यानंच नीट भरली. मला घड्या जमत नाहीत. भरता भरता :

"व्हर्निअर कुठंय?"
"गोठ्यात."
"ठेवायचं का यात?"
"लागेल अजून."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि चेन लावली. स्टेशनवर गाडी सुटताना हात हलवला नाही, कपाळाला लावून सलाम केला. नेहमी करतो.

२४ डिसेंबर

सरांचा फोन. बदली पाइप पोचला, मित्र खूश. मग मुद्दा : त्यांच्या ओळखीतल्या माणसांसाठी बोरीचे आणखी बारा हवेत, उन्हाळ्यापर्यंत. आणि मुळाच्या गाठीचे झाले की ते सगळे बघायचे आहेत. 'सावकाश करा. पण कराल ना?'

"आठवडाभरात कळवते, सर."

'कळवते' म्हणण्याआधी मी 'हो' म्हटलेलं होतं. आत. ते मी ऐकलं.

जेवताना आबांना बारांचं सांगितलं.

"नही सांगी दे," आबा.
"का?"
"तू जाय ऱ्हायनी ना. पोऱ्या एकटा शे तठे."
मग भाकरी मोडत : "नहीतं मी करसू बारा. त्यामा काय?"
"लाकूड पुरायचं नाही, आबा."
"काब्र? गाडीना दुसरा चाक शेच."

मी आणि आईंनी एकमेकींकडे बघितलं आणि घास तोंडात असताना हसू फुटलं की जे होतं ते झालं. आबा शांतपणे जेवत होते. मिशीखाली हसू होतं.

२५ डिसेंबर

दुपारी आई शेंगा सोलत बसल्या होत्या, मला हाक मारली. समोर बसवलं. इकडचं तिकडचं काही नाही, थेट :

"मी तुले थांब सांगनार नही."
"मी कुठे म्हटलं, आई."
"तू काहीच सांगत नही, म्हनून मी सांगस."

मग जे सांगितलं ते त्यांनी याआधी मला कधी सांगितलं नव्हतं. आबांना कारखान्यात नवीन नोकरी लागली तेव्हा क्वार्टर मिळालं होतं, दोन खोल्या. आईंच्या सासूबाई म्हणाल्या, थांब. शेत आहे, म्हशी आहेत. "मी थांबनू. निलेश शाळामा जावाले लागना तवलोंग अठेच. आबा आठ दिनमा एकदाव येत. मले कोनी इचारं नही, तुले काय पाहिजे. मन्हा मनमा व्हतं, का तुन्ही येळले मी असं कराव नही."

मी म्हटलं, "आणि मलाच थांबायचं असलं तर?"

शेंगा सोलायच्या थांबल्या. म्हणाल्या, "मंग ते मले कशाले सांगस? त्याले सांग."

आणि टोपली माझ्याकडे सरकवली. उरलेल्या मी सोलल्या.

२६ डिसेंबर

दोन्ही बाजू लिहून पाहिल्या. एका बाजूला सुरत : नि., नोकरी, घर, लोक ज्याला संसार म्हणतात ते. दुसऱ्या बाजूला गोठा. कागदावर गोठा हरतो. प्रत्येक ओळीला हरतो.

आईंची गोष्ट मात्र सोडत नाही. त्यांना थांबवलं गेलं. मला कोणी थांबवत नाही. थांब म्हणालं असतं तर सोपं झालं असतं, दोष द्यायला कोणीतरी मिळालं असतं. आणि तो तिथे लिफ्टमधल्या माणसाला दिवस विचारतो. आबा आठवड्यातून एकदा येत, तसं आमचंही होईल का? आईंना ते सात-आठ तासांचे रविवार अजून आठवतात, मला दिसलं ते.

तरी सकाळी उठल्यावर पहिला विचार कवठाच्या ठोकळ्याचा येतो. नाशिकला पाच वर्षं नोकरी केली, सकाळी कुठल्या पुर्ज्याचा विचार आला नव्हता.

फोनवर नाही जमणार. मी गप्प होईन, तो विनोद करेल, दोघांना बरं वाटेल, आणि १ तारीख येईल.

२७ डिसेंबर

सकाळी निलेशला मेल पाठवला. नक्कल इथे.

नि.,

विनोद न करता वाच. एकदाच.

मला १ तारखेला सुरतेला राहायला यायचं नाही. मला इथे राहून पाइपांचं काम करायचं आहे. दातार सरांनी आणखी बारा मागितले आहेत. त्यांना होकार अजून दिलेला नाही. तुझ्याआधी त्यांना सांगणं बरोबर वाटलं नाही.

आबांनी मला थांबवलेलं नाही, ते जा म्हणतात. आईही थांब म्हणत नाहीत, आणि का नाही म्हणत ते त्यांना एकदा तूच विचार. त्यांची तब्येत हे कारण नाही. कारण मी आहे. मला हे काम आवडतं, मला ते चांगलं जमायला लागलंय, आणि अजून खूप जमायचं बाकी आहे.

तू तिथे एकटा आहेस हे मला रोज आठवतं. मला तुझ्याबरोबर राहायचं आहे. ही दोन वाक्यं एकमेकांना कापतात हे मला दिसतं. दोन्ही खरी आहेत म्हणून दोन्ही लिहिली.

मला सुचलेलं एवढंच : महिन्यातले दहा दिवस मी सुरतेला, दोन शनिवार-रविवार तू इकडे. असं एक वर्ष. मग दोघांनी बसून पुन्हा ठरवायचं, तेव्हा माझा हट्ट असणार नाही. हे फार चांगलं उत्तर नाही. तुला यापेक्षा बरं सुचलं तर सांग. पटलं नाही, वाईट वाटलं, राग आला, तर तेही तसंच सांग. 'चालेल' एवढंच लिहू नकोस. तुझं 'चालेल' मला ओळखता येतं.

३१ तारखेला तू घराची किल्ली घ्यायला जाणार आहेस. त्याआधी आपलं ठरलेलं हवं.

३० तारखेच्या संध्याकाळपर्यंत उत्तर दे.

अश्विनी